निष्कर्ष खोडला, कपाट तसंच राहिलं: इरावती कर्वे यांच्या बर्लिनच्या प्रबंधाचं प्रकरण

मराठीत ही गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते: एक तरुण मराठी विदुषी नाझी जर्मनीत गेली आणि वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त तिथल्या तिथे मोडून आली. यात एक दुरुस्ती आधीच करायला हवी, कारण पुढचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. इरावतीबाई बर्लिनमध्ये होत्या त्या १९२८ ते १९३० या काळात. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. म्हणजे त्या जे शिकल्या आणि मोजलं ते प्रजासत्ताक जर्मनीतलं, जगभर मान असलेलं, नेहमीचं विज्ञान होतं. वंशवादी व्हायला त्याला हुकूमशहाची वाट पाहावी लागली नव्हती.

संस्था आणि संचालक

बर्लिनच्या डाहलेम भागात, ईनेश्ट्रासे २२ इथे, मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र (‘चांगल्या’ वंशाची पैदास वाढवण्याचं तथाकथित शास्त्र) यांची कैसर विल्हेल्म संस्था सप्टेंबर १९२७ मध्ये उघडली. त्याच सुमारास बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद भरली होती. जगभरचे शास्त्रज्ञ गावात असताना झालेलं हे उद्घाटन संस्थेच्या प्रतिष्ठेविषयी पुरेसं सांगतं. संचालक होते ऑयगेन फिशर.

फिशर यांचं नाव झालं ते आजच्या नामिबियातल्या, तेव्हाच्या जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या कामामुळे. १९०८ मध्ये त्यांनी रेहोबोथ इथल्या मिश्र वंशाच्या समाजाची मापं घेतली आणि १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. माणसांतही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम चालतात, हा त्याचा शास्त्रीय दावा होता. सोबत मिश्र विवाहांविरुद्धचा सल्लाही होता. वसाहतीत अशा विवाहांवर बंदी १९०५ मध्येच आली होती. कायदा आधी झाला आणि त्याला आधार देणारं शास्त्र नंतर आलं. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण संशोधनाचा पुढे कुणीतरी गैरवापर केला हा बचाव या क्रमापुढे टिकत नाही.

इरावतीबाईंनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंधिका लिहिली होती. बर्लिनमध्ये त्यांच्या वाट्याला विषय आला मानवी कवटीच्या असममितीचा, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसण्याचा. फिशर यांची कल्पना साधारण अशी: गोऱ्या युरोपीय माणसाची तर्कबुद्धी अधिक विकसित असते, म्हणून त्याच्या मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंमध्ये फरक जास्त असणार आणि तो कवटीच्या आकारात उमटलेला दिसणार. युरोपाबाहेरच्या कवट्यांत हा फरक कमी असला पाहिजे.

मोजमापात काय बिघडतं

त्या काळच्या मानवशास्त्राची पोथी म्हणजे रुडॉल्फ मार्टिन यांचं १९१४ चं पाठ्यपुस्तक. साधनं मोजकीच. वाकड्या टोकांचा पसरता कॅलिपर, सरळ सरकता कॅलिपर, पोलादी फीत. भुवयांमधल्या उंचवट्यापासून मागच्या सर्वांत लांबच्या बिंदूपर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही बाजूंच्या सर्वांत रुंद बिंदूंमधली रुंदी घ्यायची. रुंदीला १०० ने गुणून लांबीने भागलं की शीर्षांक निघतो. ७५ च्या खाली लांब डोकं, ७५ ते ८० मध्यम, ८० पासून पुढे रुंद.

आता १८० मिलिमीटर लांब आणि १४४ मिलिमीटर रुंद कवटी घ्या. शीर्षांक बरोबर ८०, म्हणजे रुंद डोकं. कॅलिपर एका मिलिमीटरने आत आला की १४३, शीर्षांक ७९.४, आणि तीच कवटी मध्यम वर्गात जाते. एक-दोन मिलिमीटरचा फरक दोन मोजणाऱ्यांत सहज पडतो, एकाच माणसाच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या मापांतही पडतो.

असममितीत तर अडचण आणखी वाढते, कारण तिथे शोधायचा फरकच काही मिलिमीटरचा असतो. पुरलेली कवटी मातीच्या दाबाने तिरपी होते. तान्हं मूल एकाच कुशीवर निजवलं की डोक्याची एक बाजू चपटी होते आणि थोडी तशीच राहू शकते. याखेरीज मेंदूची उजवी बाजू पुढे आणि डावी बाजू मागे किंचित सरकलेली असण्याचा एक सर्वसाधारण कल आहे; तो माणसाच्या सगळ्याच समूहांत आढळतो. म्हणून कवटी असममित असणं हीच नेहमीची गोष्ट. प्रश्न एवढाच की तिचं प्रमाण वंशागणिक बदलतं का.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, त्यांत युरोपीय होत्या आणि युरोपाबाहेरच्याही. उत्तर नकारार्थी आलं: असममिती आणि वंश यांचा संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाचंच गृहीतक, त्याच्याच संस्थेत, त्याच्याच पद्धतीने खोडून त्यांनी डॉक्टरेट घेतली. १९३१ मध्ये तो प्रबंध छापून आला. वसाहतीतून आलेल्या पंचविशीच्या विद्यार्थिनीसाठी यात केवढं धाडस होतं हे वेगळं सांगायला नको, आणि त्याचं मोल कमी करण्याचा इथे हेतूही नाही.

फिशर यांचं काही बिघडलं नाही. एका विद्यार्थिनीच्या नकारार्थी निकालाने संस्था ढळत नसते. ते निकाल कोपऱ्यात ठेवून पुढचं गृहीतक काढलं जातं. शिवाय शाखेला नवीन असं यात काही नव्हतं. अमेरिकेतले मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमधले स्थलांतरित आणि त्यांची मुलं अशा जवळपास १८ हजार जणांच्या मापांवरून डोक्याचा आकार एका पिढीत बदलतो, असं १९१२ पर्यंत मांडलं होतं. त्या बदलाच्या आकारावर आजही वाद आहे, पण आकार अचल आहे हे गृहीत धरणं तेव्हाच अवघड झालं होतं. अज्ञान हे कारण म्हणूनच पटत नाही.

कवट्या आल्या कुठून

निष्कर्षाच्या खाली एक प्रश्न होता आणि तो त्या काळच्या प्रबंधात विचारायची पद्धतच नव्हती. या कवट्या कुणाच्या?

बर्लिनमधला मोठा संग्रह जमवला मानवशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान यांनी, हजारोंच्या संख्येने. लुशान हे सरळसोट खलनायक नव्हते. श्रेष्ठ-कनिष्ठ वंश अशी भाषा त्यांना मान्य नव्हती आणि १९११ च्या लंडनमधल्या वंश परिषदेत त्यांनी तसं मांडलंही. तेच लुशान वसाहतीतल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून कवट्या मागवत होते. नैर्ऋत्य आफ्रिकेत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार झाला. अंदाजे ८० हजार हेरेरोंपैकी बहुसंख्य आणि २० हजार नामांपैकी निम्मे त्यात गेले. शार्क बेटावरच्या छावणीत मेलेल्यांची डोकी द्रावणात बुडवून बर्लिनला पाठवली गेली. कैदी बायकांना मेलेल्यांच्या कवट्यांवरचं मांस काचेच्या तुकड्यांनी खरवडून काढायला लावलं जात होतं.

सहभाग म्हणतात तो असा असतो. माणसाचं मत उदार असू शकतं आणि त्याचं कपाट छावणीतून भरत असतं. मताची चौकशी करणं सोपं, कारण मत छापलेलं असतं. कपाटाची नोंदवही कुणी मागत नाही.

फिशर यांच्या संस्थेचा १९३३ नंतरचा रस्ता या पायावरूनच गेला. फिशर त्या वर्षी बर्लिन विद्यापीठाचे कुलप्रमुख झाले. जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला आणि त्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. संस्थेतले शास्त्रज्ञ न्यायालयांना तज्ज्ञ अभिप्राय देत आणि नाझींच्या एसएस दलाच्या डॉक्टरांना शिकवत. १९३७ मध्ये ऱ्हाइन प्रांतातल्या कृष्णवर्णी सैनिकांच्या जर्मन मुलांची गुप्तपणे नसबंदी झाली, तिथेही याच संस्थेतल्या लोकांनी मुलांची मापं घेऊन अभिप्राय लिहिले होते. १९४२ मध्ये संचालकपद ओटमार फॉन फेरशूअर यांच्याकडे आलं. त्यांचा जुना सहायक योसेफ मेंगेले आउश्वित्सच्या छळछावणीतून त्यांना शरीराचे नमुने पाठवत होता.

युद्धानंतर फेरशूअर यांना ६०० मार्क दंड झाला आणि १९५१ मध्ये म्युन्स्टरला मानवी आनुवंशिकीचं प्राध्यापकपद मिळालं. फिशर १९५२ मध्ये जर्मन मानवशास्त्र संघटनेचे सन्माननीय सदस्य झाले. युनेस्कोने वंश या संकल्पनेवर निवेदन काढून शास्त्रज्ञांची मतं मागवली, त्यांत फिशर यांचंही मत मागवलं आणि १९५२ मध्ये ते छापलं.

पुण्यापर्यंत आलेला धागा

इथून पुढचा भाग मराठी वाचकाला कमी माहीत आहे आणि आमच्या मते प्रकरणाचा गाभा तोच आहे.

इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत त्यांनी १९४४ पासून गुजरातमधल्या लांघणज इथे मध्याश्मयुगीन स्थळाचं उत्खनन केलं. तिथे मानवी सांगाडे मिळाले. १९४९ च्या लेखात या सांगाड्यांचं वर्णन करताना हॅमिटिक (उत्तर आणि ईशान्य आफ्रिकेतल्या लोकांसाठीचं जुनं नाव) आणि निग्रॉइड (कृष्णवर्णी आफ्रिकी) असे वंशप्रकार वापरले गेले. बर्लिनमध्ये ज्यांनी वंश आणि कवटी यांचा एक दावा खोडला होता, त्यांच्याच लेखात पंधरा-वीस वर्षांनी कवटीवरून वंश ओळखण्याची भाषा होती. ढोंग म्हणून हे सोडून देता येत नाही. दावा तपासायला त्या शिकल्या होत्या आणि वर्गीकरणाचे खण मात्र दावा तपासण्याच्या आधीचे, शाखेने तयार हातात दिलेले होते.

याच लांघणजच्या मानवी अवशेषांचा सविस्तर अहवाल डेक्कन कॉलेजने १९६५ मध्ये काढला. लेखक दोन: सोफी एअरहार्ट आणि केनेथ केनेडी. केनेडी हे अमेरिकन. दक्षिण आशियातल्या सांगाड्यांवरून आर्य किंवा कुठलाही वंश ओळखता येत नाही, हे त्यांनी पुढे ठामपणे मांडलं. एअरहार्ट या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या. १९३८ पासून त्या नाझी राजवटीतल्या रॉबर्ट रिटर यांच्या वंशस्वास्थ्य संशोधन केंद्रात कामाला होत्या. रोमा आणि सिंती (पूर्वी ज्यांना जिप्सी म्हणत) लोकांची मोजमापं आणि वंशावळी याच केंद्राने जमवल्या, आणि त्या नोंदींवरून पुढे माणसं छावण्यांत गेली. युद्धानंतर त्या केंद्राचे कागद एअरहार्ट यांच्या हाती आले आणि त्यांनी ते संशोधनासाठी वापरले. सप्टेंबर १९८१ मध्ये सिंती आणि रोमा कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेनच्या विद्यापीठ अभिलेखागारात ठिय्या दिला, तेव्हा कुठे ते कागद कोब्लेन्झच्या संघराज्य अभिलेखागारात गेले. ते हलवले विद्यापीठाच्या समितीने नव्हे. ज्यांच्या आईबापांची मापं घेतली गेली होती त्यांनी जाऊन बसल्यावर ते हलले.

१९६५ चा अहवाल अस्थिशास्त्र म्हणून चुकीचा आहे, असा याचा अर्थ नाही. पण हाडांच्या वर्णनात तेव्हा वापरलेलं कौशल्य कुठे कमावलं गेलं, हे त्याच्या वाचकाला कळायला हवं होतं.

नाक, जात आणि दोन मराठी उत्तरं

आपल्याकडे कॅलिपर आधीच पोहोचला होता. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींवर ग्रंथ काढला आणि १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. त्यांचं म्हणणं: जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. नाकाचा निर्देशांक म्हणजे रुंदी गुणिले १००, भागिले उंची. ७० च्या खाली अरुंद, ८५ पासून रुंद. इथेही तीच गोम. जिवंत माणसाच्या नाकाचं मूळ बोटाने चाचपून ठरवावं लागतं. ३५ मिलिमीटर रुंद आणि ५१ मिलिमीटर उंच नाकाचा निर्देशांक ६८.६ येतो, अरुंद. रुंदी एक मिलिमीटर जास्त आणि उंची एक कमी धरली की ७२, मध्यम. आणि समोरच्याची जात आधी माहीत असलेला मोजणारा कुठल्या बाजूला झुकणार?

घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लीचे आकडे पुन्हा मांडून दाखवलं की उत्तर हिंदुस्थानाबाहेर नाकाचा क्रम आणि जातीचा क्रम जुळत नाहीत; उत्तरेपुरतं मात्र त्यांनी ते मान्य केलं. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात हेच आकडे घेतले आणि त्यांचं टोक उलटं फिरवलं: मापं खरी मानलीत तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. १९३६ मध्येच त्यांनी लिहिलं होतं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. महत्त्वाचं म्हणजे बाबासाहेब नाकापाशी थांबले नाहीत. प्रतिपक्षाचा पुरावा निकामी करण्यापुरतं ते माप वापरलं आणि अस्पृश्यतेचं कारण इतिहासात, धर्मसंघर्षात शोधलं.

इरावतीबाईंचा रस्ता वेगळा होता. मराठ्यांच्या मापांवर १९४८ मध्ये आणि वि. म. दांडेकर यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या अनेक समूहांच्या मापांवर १९५१ मध्ये त्यांची पुस्तकं आली. कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना १९६८ मध्ये छापली. त्यांचा निष्कर्ष रिस्लीला छेद देणारा होता: ब्राह्मण नावाखाली वेगवेगळ्या मुळांचे गट आहेत, खरं एकक आपापसात लग्नं करणारी पोटजात आहे, आणि जातिव्यवस्था एकाचे तुकडे होऊन नव्हे तर अनेक गट शेजारी येऊन बनली. समाजशास्त्र म्हणून ही मांडणी भक्कम आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचायला जातीला शरीर आहे आणि ते मोजता येतं, एवढं गृहीत धरावंच लागलं. बर्लिनमध्ये वंशाची असममिती सापडली नाही म्हणून वंश हा खण संपला नाही. पुण्यात त्यात पोटजात बसली.

हिशेब कसा झाला, आणि कुठे चुकला

जर्मनीतला हिशेब पाहायचा तर आधी फसलेला टप्पा पाहावा. जुलै २०१४ मध्ये ईनेश्ट्रासेजवळ विद्यापीठाच्या बांधकामात मानवी हाडं निघाली. संस्थेचा पत्ता शेजारचाच, तरी प्रकरण नेहमीच्या सरकारी वाटेने गेलं आणि वर्ष संपेपर्यंत हाडांचं दहन झालं. राख तपासता येत नाही. चूक नेमकी कुठे? सापडलेल्या हाडांबाबत कुणाला विचारायचं याची यादी आधी तयार नव्हती आणि ठरवणाऱ्यांपैकी कुणालाच थांबा म्हणण्याचा अधिकार दिलेला नव्हता.

नंतर पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. सुमारे १६ हजार तुकडे मिळाले, किमान ५४ माणसांचे. काहींवर सरसाचे आणि लेबलांचे अंश होते, म्हणजे संग्रहातल्या वस्तू. त्यांत नाझी काळाचे बळी असू शकतात तसे वसाहतींतलेही. ज्यू, सिंती-रोमा आणि जर्मनीतल्या कृष्णवर्णी समाजाच्या संघटनांशी बोलून ठरलं की डीएनए तपासणी करायची नाही. हाडांची वंशानुसार विभागणी करणं म्हणजे त्याच संस्थेचं काम पुढे चालवणं झालं असतं. मार्च २०२३ मध्ये सगळे अवशेष एकत्र पुरले गेले.

त्याच वर्षी त्याच शहरात उलट निर्णय झाला. लुशान संग्रहातल्या पूर्व आफ्रिकेच्या ११३५ कवट्यांचा मागोवा पूर्ण झाला, त्यांतल्या ९०४ रवांडाच्या भागातल्या. टांझानियातल्या काही कवट्यांसाठी डीएनए वापरलं आणि जिवंत नातेवाईक सापडले. एका ठिकाणी डीएनए नाकारलं, दुसरीकडे वापरलं, आणि दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण दोन्ही वेळा मागणी किंवा नकार त्या समाजाकडून आला. नामिबियाला २०११ मध्ये २० कवट्या परत गेल्या, ११ नामा आणि ९ हेरेरो. तेव्हा कागदपत्रांचं काम नीट झालं होतं, पण जर्मन मंत्रिणीने नरसंहाराची कबुली न देता भाषण केलं आणि घोषणा सुरू झाल्यावर त्या निघून गेल्या. कवट्या परत गेल्या, समारंभ मात्र बिघडला.

महाराष्ट्रातल्या मानवशास्त्र, पुरातत्त्व किंवा शरीररचना विभागात हे काम हाती घ्यायचं तर सुरुवात नोंदवहीपासून करावी, हाडांपासून नको. प्रत्येक अवशेषावरचा शाईचा आकडा जसाच्या तसा उतरवून नोंदवहीशी जुळवावा. आकडा पुसू नये, हाडं धुऊ नयेत, जुना सरस काढू नये. संग्रहाचा पुरावा बहुतेक वेळा तेवढाच असतो. उत्खननातले, दवाखान्यातून आलेले आणि विकत घेतलेले अवशेष वेगळे करावेत. भारतातून मानवी हाडांची निर्यात १९८५ मध्ये बंद झाली, त्याआधी कोलकाता हे जगातलं मोठं केंद्र होतं. विकत घेतलेल्या सांगाड्यांच्या मागे कागद नसणं हे म्हणून नवल नाही, पण ते नोंदीत लिहावं. तपासणीचा नमुना घेण्याआधी कुणाला विचारायचं ते ठरवावं. नमुना घेतल्यावर विचारणं याला विचारणं म्हणत नाहीत.

जुन्या मोजमाप-पत्रकांचा प्रश्न अधिक किचकट आहे, कारण त्यांत नाव, गाव आणि जात एकत्र असते. पत्रकं जाळू नयेत, जशीच्या तशी संगणकावर चढवूही नयेत. नावं वेगळी काढून बंद ठेवावीत, आकडे द्यावेत आणि सोबत लिहावं: मोजणारा कोण होता, माणसं कशी निवडली, त्यांनी होकार दिला होता का, दोन मोजणाऱ्यांतला फरक तपासला होता का. ही चार उत्तरं नसतील तर ते आकडे इतिहासाचं साधन म्हणून वापरावेत, जीवशास्त्राचं म्हणून नव्हे. वर्गात शीर्षांक शिकवायचाच असेल तर साच्याची प्रतिकृती पुरते, आणि दहा विद्यार्थ्यांकडून एकच प्रतिकृती मोजून घेतली की वर्गांच्या सीमांचं काय होतं ते पहिल्याच तासाला दिसतं.

ग्रंथालयांना यासाठी नवा निधी लागत नाही. लांघणजच्या १९६५ च्या अहवालाच्या सूचीनोंदीत, पुस्तकाला हात न लावता, सहलेखिकेने १९३८ पासून कुठे काम केलं ते दोन ओळींत लिहिता येतं. केनेडी यांचं नंतरचं वंशविरोधी लेखन त्याच नोंदीला जोडता येतं, म्हणजे पुढचा विद्यार्थी दोन्ही एकदमच मागवेल.